उपचारांचा खर्च का वाढतो?

रुग्णालयाचे बिल हाती पडल्यावर नातेवाईक आणि ताळेबंद पाहिल्यावर देणगीदार एकच प्रश्न विचारतात : धर्मादाय संस्थेतही उपचार महाग का होत जातात? त्याचे उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

देशाच्या एकूण आरोग्यखर्चात कुटुंबांनी थेट खिशातून भरलेला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही समाधानाची बाब आहे. मात्र भार वाटला गेला म्हणजे खर्च घटला, असे नव्हे.

रुग्णालयाचा बराचसा खर्च स्थायी स्वरूपाचा असतो. अतिदक्षता विभागात एक रुग्ण असो वा आठ, परिचारिका, डॉक्टर, प्राणवायू व वीज यांची सोय अहोरात्र ठेवावीच लागते. नवे यंत्र आले म्हणून जुने जात नाही, सी.टी. स्कॅन आले तरी क्ष-किरण यंत्र लागतेच, आणि देखभालीचा खर्च दोहोंवर होतो. आजारांचे स्वरूपही पालटले आहे. मधुमेह व रक्तदाब वेळीच आटोक्यात ठेवणे अल्पखर्ची असते. त्यापायी मूत्रपिंडे निकामी झाल्यास आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस करावे लागते, तेही वर्षानुवर्षे.

शासकीय दरनियंत्रणाचा लाभ होतो, पण मर्यादित. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत, कर वगळून, २९,६०० रुपये ठरली. हृदयरुग्णांना मोठा दिलासा मिळाला. तथापि कॅथलॅब व कर्मचारी यांचा खर्च त्यामुळे कमी झाला नाही.

विश्वस्तांपुढील पेच येथेच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी इतर रुग्णांच्या देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. दर वाढवले तर निधी वाढतो, पण भार मध्यमवर्गीय कुटुंबांवर पडतो. दर रोखले तर निधी अपुरा पडतो. यातून मार्ग काढते ती देणगी.

यंत्रखरेदीसाठी देणगी देणे दात्यास स्वाभाविकच आवडते. परंतु ते यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाचे वेतनही तितकेच आवश्यक असते. म्हणून यापुढे काही देणगी निर्धन रुग्ण निधीस व दैनंदिन खर्चासही द्यावी, ही नम्र विनंती.