घरगुती ऑर्किड : निवड रात्रीच्या तापमानावर, पारख पानाच्या मागे

ऑर्किड सुकू लागले की विस्तार कार्यकर्त्यांना बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : कोणते औषध फवारावे? कीटकशास्त्राच्या दृष्टीने हा प्रश्न उशिरा आलेला असतो. घरगुती ऑर्किडवरील बहुतेक किडी रोपाबरोबरच घरात येतात, आणि चुकीच्या हवामानात ठेवलेले रोप त्यांना सहज बळी पडते. म्हणून निवड आणि पारख या दोन गोष्टी फवारणीच्या आधी समजून घ्याव्यात.

भारतात ऑर्किडच्या, म्हणजे आमरीच्या, १,२५० हून अधिक प्रजाती नोंदल्या गेल्या आहेत. ईशान्य हिमालय आणि पश्चिम घाट ही त्यांची मुख्य माहेरघरे. या समृद्धीमुळेच राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्र १९९६ मध्ये सिक्कीममधील पाक्योंग येथे स्थापन झाले. घरासाठी मात्र रोपवाटिकेत वाढविलेले संकरित रोपच घ्यावे. सह्याद्रीत झाडांवर फुलणारी सीतेची वेणी खरवडून आणून बाल्कनीत लावण्याचा मोह टाळावा; अशी रोपे बहुधा मुळे दुखावल्याने मरतात आणि जंगलही उघडे पडते. निळा वांडा व लेडीज स्लिपर यांना तर वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

निवडीचा पहिला निकष फुलाचा रंग नव्हे, रात्रीचे तापमान. सिम्बिडियमला फुलोऱ्यासाठी १० ते १५ अंश सेल्सिअसच्या थंड रात्री लागतात. सिक्कीम किंवा दार्जिलिंगचे फुललेले रोप मुंबईत आणले तर पाने वाढतील, दांडा येणार नाही. कोकण, गोवा, केरळ, चेन्नई अशा उष्ण-दमट पट्ट्यात डेंड्रोबियमचे संकर आणि वांडा उत्तम. पुणे, बेळगाव, बंगळुरू येथे पूर्वेकडील खिडकीत फॅलेनोप्सिस चांगले येते, कारण काही आठवडे थोड्या थंड रात्री मिळाल्या की ते दांडा धरते. इंदूर, नागपूर, दिल्लीच्या वाचकांनी डेंड्रोबियमपासून सुरुवात करावी, उन्हाळ्यात हवेतील आर्द्रता जपावी आणि हिवाळ्यात रोप आत घ्यावे.

माध्यम म्हणून नारळाच्या सोडणाचे तुकडे, लोणारी कोळसा व विटांचे खडे पुरेसे आहेत, माती नको. मुळांवरील पांढुरके स्पंजासारखे आवरण ओले असता हिरवे आणि कोरडे होताच रुपेरी दिसते. कुंडीतील मुळे रुपेरी झाल्यावरच पाणी द्यावे. उघड्या मुळांच्या टांगत्या वांडाला मात्र उन्हाळ्यात रोज पाणी लागते.

आता पारख. रोप विकत घेताना फुलाकडे पाहण्याआधी पान उलटून पाहावे. मधली शीर, पानाचा तळ आणि आभासी कंदावरील वाळके आवरण या तीन जागी खवले कीड दडते. मादीचे कवच चपटे, गोल व फिकट असते. नरांचे पुंजके कापसाच्या तंतूंसारखे दिसतात आणि अनेकजण त्यांना बुरशी समजून बुरशीनाशक मारत बसतात. कवचाखालील मादीपर्यंत स्पर्शजन्य औषध नीट पोहोचत नाही. कवच नसलेली रांगती पिल्ले हीच या किडीची पसरण्याची आणि सापडण्याची अवस्था. अंडी एकाच दिवशी उबत नाहीत, त्यामुळे एका फवारणीने काम होत नाही.

यावरून नव्या रोपासाठी नियम ठरतो : किमान चार, शक्यतो सहा आठवडे ते इतरांपासून दूर ठेवावे. दडलेल्या अंड्यांची पुढची पिढी तेवढ्या काळात दिसू लागते. शेडनेटमध्ये व्यवसाय करणाऱ्यांनी तर यात सूट घेऊच नये. एका कुंडीतील कीड हंगामभरात सर्व बाकांवर पोहोचू शकते. कीड आढळल्यास वाळकी आवरणे काढून सौम्य साबणाच्या पाण्यात बुडविलेल्या मऊ ब्रशने खवले पुसावेत. नंतर लिटरला ५ मिली निंबोळी तेल थोड्या साबणात मिसळून, सायंकाळी, दहा दिवसांच्या अंतराने तीनदा फवारावे. आधी एका पानावर चाचणी घ्यावी, फुले वगळावीत. शेतातील तीव्र कीटकनाशके घरात आणू नयेत.

मुंग्यांचा अर्थ लावताना घाई नको. पिठ्या ढेकूण व मऊ खवले कीड चिकट गोड द्राव सोडतात, म्हणून मुंग्या येतात. कवचधारी खवले कीड असा द्राव सोडत नाही, तेव्हा मुंग्या नसणे हे निरोगीपणाचे प्रमाणपत्र नव्हे. उलट, फुलांच्या दांड्यावर दिसणारे स्वच्छ गोड थेंब अनेक ऑर्किडमध्ये नैसर्गिक असतात. कुंडीभोवती बारीक काळ्या माश्या उडत असतील तर माध्यम कुजले आहे. तेथे फवारणीपेक्षा कुंडी बदलणे हाच उपाय. फॅलेनोप्सिसच्या पानांवर रुपेरी, खोलगट ठिपके असतील तर चपट्या कोळ्याचा संशय घ्यावा. हा कोळी जाळे विणत नाही, आणि सिंथेटिक पायरेथ्रॉइड वापरल्यास कोळी बऱ्याचदा वाढतात.

फॅलेनोप्सिसचे फूल दोन-तीन महिने टिकते, कारण ते परागसिंचकाची वाट पाहत असते. मधमाशीने परागपुंज हलविला की ते लवकर मावळते. पिकत्या केळ्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूचा परिणामही तसाच, म्हणून कुंडी फळांच्या टोपलीजवळ ठेवू नये. बहर संपल्यावर फॅलेनोप्सिसचा हिरवा दांडा दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या वर कापावा. डेंड्रोबियमच्या जुन्या, पाने गळालेल्या कांड्या मात्र हिरव्या असेपर्यंत ठेवाव्यात. त्यांत अन्न साठलेले असते आणि त्यांवर पुन्हा फुले येऊ शकतात.