कौटुंबिक छायाचित्रे आणि स्मृती : गारगोटी परिसराच्या संदर्भात

ग्रामीण समाजाच्या इतिहासाची साधने म्हटली की सनदा, महसुली दफ्तरे, वंशावळी आणि लोकगीते यांचाच विचार सामान्यतः होतो. घराच्या माजघरातील भिंतीवर टांगलेले, किंवा ट्रंकेच्या तळाशी लुगड्याच्या घडीत जपून ठेवलेले छायाचित्र साधन म्हणून क्वचितच गणले जाते. वस्तुतः ज्या घरात लेखनाची परंपरा नव्हती, त्या घराच्या अलीकडील इतिहासाचा तोच पुष्कळदा एकमेव दृश्य पुरावा असतो. भुदरगड तालुक्याचे ठिकाण असलेल्या गारगोटीसारख्या वेदगंगेकाठच्या गावात या साधनाचा अभ्यास कोणत्या रीतीने करता येईल आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा येथे विचार करावयाचा आहे.

छायाचित्रणाची कला इ. स. १८३९ मध्ये पॅरिस येथे जाहीर झाली आणि अल्पावधीतच ती हिंदुस्थानात आली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या एतद्देशीय सभासदांपैकी होते. तथापि दीर्घकाळपर्यंत ही कला राजेरजवाडे, सरकारी अधिकारी आणि शहरातील सधन वर्ग यांच्यापुरतीच राहिली. तालुक्याच्या गावातील शेतकरी कुटुंबाचे चित्र निघावयाचे ते लग्न, यात्रा, सैन्यभरती किंवा शहरातील नोकरी अशा एखाद्या निमित्तानेच. फोटो काढल्याने आयुष्य घटते, ही समजूतही अनेक ठिकाणी प्रचलित होती. म्हणूनच एखाद्या घरात तीन पिढ्यांची मिळून चारपाचच चित्रे सापडली, तर त्यात नवल नाही. आणि जी आहेत ती का काढली गेली, हा प्रश्न प्रथम विचारणे अगत्याचे आहे.

चित्राचा काळ ठरविताना वस्तू म्हणून त्याचे परीक्षण आधी करावे. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावरील चित्रे १८५० नंतर प्रचारात आली. ती पातळ असल्यामुळे जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेली असतात आणि कालांतराने पिवळसर पडतात. त्यांची जागा पुढे जिलेटिनयुक्त कागदाने घेतली. अशा चित्रांच्या गडद भागात, विशेषतः कडांजवळ, जुनेपणामुळे चांदीसारखी चकाकी येते. सहा सेंटिमीटर लांबीरुंदीचे चौरस चित्र आढळल्यास ते अ‍ॅग्फा क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्याचे असण्याचा संभव असतो. या कॅमेऱ्यामुळे छायाचित्रण व्यावसायिकाच्या हातून घरातील हौशी माणसाच्या हाती गेले. तांबूस छटा आलेली रंगीत चित्रे बहुधा त्यानंतरची असतात. अर्थात केवळ कागदावरून वर्ष निश्चित होत नाही. तो फक्त कालमर्यादा सुचवितो.

चित्रातील वेषावरून निष्कर्ष काढताना अधिक सावधगिरी हवी. छायाचित्रगृहात कोट, खुर्ची, फुलदाणी किंवा हातात धरावयाचे पुस्तकही गिऱ्हाइकास मिळत असे. मागे रंगविलेला महाल किंवा बाग असे. ज्या कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटकांचे पडदे रंगविले, त्या परिसरातील लोकांना अशा पडद्याची भाषा अपरिचित नव्हती. अशा चित्रावरून कुटुंबाची सांपत्तिक स्थिती सिद्ध होत नाही. जगाने आपणास कोणत्या रूपात पाहावे अशी त्या कुटुंबाची इच्छा होती, हे मात्र कळते. आणि समाजशास्त्राच्या दृष्टीने ही माहितीही कमी मोलाची नाही.

आता स्मृतीचा प्रश्न. चित्रात स्मृती साठविलेली असते, असे आपण सहज म्हणतो. पण हे विधान शास्त्रदृष्ट्या टिकणारे नाही. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ एफ. सी. बार्टलेट यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले की, आठवणे म्हणजे साठविलेले जसेच्या तसे बाहेर काढणे नव्हे, तर उपलब्ध धाग्यांतून प्रत्येक वेळी नव्याने रचणे होय. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हाल्बव्हाक्स यांनी त्यापूर्वी, १९२५ मध्ये, व्यक्तीची स्मृती कुटुंब, धर्म, वर्ग इत्यादी समूहांच्या चौकटीत आकार घेते, असे प्रतिपादन केले होते. आजी चित्र दाखविते तेव्हा नातवंडे केवळ चित्र पाहत नाहीत. कोणाविषयी बोलावयाचे आणि कोणाविषयी मौन पाळावयाचे, हेही ती शिकतात. पुढे ती जे ‘आठवतात’, त्यातील किती स्वतः पाहिलेले आणि किती चित्रासमोर ऐकलेले, हे त्यांनाच सांगता येत नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या किंबर्ली वेड आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात, बालपणी गरम हवेच्या फुग्यातून प्रवास केल्याचे बनावट चित्र वीस जणांना दाखविण्यात आले. त्यांपैकी निम्म्यांना कधीच न घडलेला तो प्रवास पूर्णतः वा अंशतः ‘आठवला’. छायाचित्र स्मृतीला जागे करते, तसेच ते तिला घडवितेही, हे ध्यानात ठेवावयास हवे.

यावरून अशा आठवणी निरुपयोगी ठरतात असे मात्र नव्हे. त्या घेण्याची पद्धत काटेकोर हवी, एवढेच. वृद्ध व्यक्तीस ‘हे कोणत्या वर्षीचे?’ असे विचारल्यास उत्तर बहुधा अंदाजी मिळते. त्याऐवजी सर्वांच्या जीवनातून गेलेल्या घटनांचा आधार घ्यावा. डिसेंबर १९४२ मध्ये गारगोटीच्या कचेरीवर क्रांतिकारकांनी हल्ला केला व त्यात सात जण हुतात्मे झाले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९५२ मध्ये डॉ. जे. पी. नाईक यांच्या प्रेरणेने गारगोटीस मौनी विद्यापीठ उभे राहिले. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप झाला. चित्र या घटनांच्या आधीचे की नंतरचे, असे विचारल्यास उत्तर अधिक विश्वसनीय मिळते. कुटुंबातील दोघांना निरनिराळे बसवून तेच प्रश्न विचारावेत आणि विसंगती आढळल्यास ती मिटवू नये; दोन्ही कथने नोंदवावीत. विसंगती हाही पुरावाच असतो.

चित्रात कोण नाही, याचाही विचार आवश्यक आहे. छायाचित्राचा खर्च न पेलणारी भूमिहीन कुटुंबे या साधनात जवळजवळ अदृश्य राहतात. स्त्रिया चित्रात दिसतात, पण नावानिशी नव्हे. ‘थोरल्या काकी’, ‘धाकटी आत्या’ एवढीच त्यांची ओळख उरते. लग्नानंतर नाव बदलण्याच्या प्रथेमुळे माहेरच्या आणि सासरच्या चित्रांतील स्त्री एकच, हे सांगणारे माणूस गेल्यावर तो दुवा कायमचा तुटतो. माहेरकडील वृद्ध व्यक्तींची भेट म्हणूनच टाळू नये.

साधनाचा नाश अनेक वाटांनी होतो. जानेवारी १९४८ अखेर गांधीहत्येनंतर कोल्हापूर भागात झालेल्या जाळपोळीत अनेक ब्राह्मण कुटुंबांची घरे जळाली. घराबरोबर घरातील कागद आणि चित्रेही गेली. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत जिल्ह्यातील असंख्य घरांत पाणी शिरले. याखेरीज दरवर्षीचा दीर्घ पावसाळा आहेच. जिलेटिन हवेतील ओलावा शोषते; त्यावर बुरशी वाढते आणि चित्र चौकटीच्या काचेस चिकटते. अशी चौकट उघडण्याचा प्रयत्न करू नये. काचेवरूनच प्रथम प्रत घ्यावी. मागील बाजूची नोंद शाईने न करता, जुन्या कागदी चित्रावर मऊ पेन्सिलीने आणि हलक्या हाताने करावी. प्रत घेताना दोन्ही बाजूंची घ्यावी, कारण छायाचित्रगृहाचा शिक्का आणि कोणीतरी लिहिलेली ओळ मागेच असते. मूळ चित्र कुटुंबापाशीच राहावे आणि प्रसिद्धीसाठी त्यांची संमती असावी.

तथापि बुरशीहूनही मोठा धोका निराळा आहे. चित्र टिकते आणि चित्रातील माणसांची नावे सांगणारा शेवटचा साक्षीदार जातो, तेव्हा ते चित्र कोणत्याही घराचे होऊ शकते; म्हणजेच ते कोणत्याच घराचे राहत नाही. आज हातातील दूरध्वनीवर प्रत घेणे क्षणाचे काम झाले आहे; पण नावे, नाती आणि कथन यांवाचून घेतलेल्या प्रती म्हणजे केवळ चेहऱ्यांचा संग्रह होय. स्वातंत्र्यापूर्वीच्या चित्रांविषयी प्रत्यक्ष माहितीने बोलू शकतील अशी माणसे आता गावोगाव मोजकीच उरली आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्याने क्षेत्रकार्यास जाताना प्रश्नावलीबरोबर एवढे एक कार्य अंगावर घेतले, आणि एका घरातील दहा चित्रांची तरी यथास्थित नोंद केली, तर दफ्तरखान्यात कधीच न आलेल्या माणसांचा इतिहास लिहिण्यास तेवढा आधार मिळेल.