साडेतीन रुपयांचा होन

बंगळूर शहराच्या पूर्वेस महादेवपुरा नावाचा भाग आहे. संगणकाच्या व्यवसायामुळे तो आता देशभर ठाऊक झाला असून तेथील कचेऱ्यांत मराठी तरुणतरुणीही पुष्कळ आहेत. कंपनीचे येणे डॉलरांत आणि पगार रुपयांत, असा तेथला व्यवहार असल्यामुळे डॉलरचा भाव हा तेथे रोजच्या बोलण्याचा विषय असतो. पण दोन नाण्यांचा हिशेब या मुलखाला नवा नाही. याच बाजूने होसकोटे आणि कोलारकडे जाणारा जुना मद्रास रस्ता आहे, आणि बंगळूरपासून कोलारपर्यंतचा हा टापू सतराव्या शतकात शहाजीराजांच्या जहागिरीत होता. तेथे नाणे चाले ते सोन्याचे. त्याचे नाव होन.

'होन' हा शब्द कानडी 'होन्नु' म्हणजे सोने यावरून आपल्याकडे आला. त्यालाच दक्षिणेत वराह म्हणत आणि युरोपीय व्यापारी पॅगोडा म्हणत. शिवाजी महाराजांनी १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी सोन्याचे नाणे पाडले तेही होनच, मोगली मोहोर नव्हे. रुपया हे उत्तरेचे, चांदीचे नाणे. मोगली फौजांच्या पाठोपाठ तो दक्षिणेत उतरला. १६८७ साली मोगल सेनापती कासिमखानाने बंगळूर घेतले आणि लागलीच ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजांच्या हवाली झाले. त्या सौद्याची रक्कम तीन लाख रुपये सांगितली जाते. होनांच्या मुलखातील शहराचे मोल रुपयांत व्हावे, यात पुढील दोन शतकांची चाहूल दिसते.

परंतु होनाचे किती रुपये, या प्रश्नाला एक उत्तर नव्हते, कारण होनच अनेक होते. म्हैसूरचा कंठीरव होन हा तर केवळ हिशेबाचा होन. कंठीरव नरसराजांच्या टांकसाळीतून सोन्याचे चिमुकले फनम निघत आणि अशा दहा फनमांना वहीत एक होन लिहीत. त्याचे मोल तीन रुपयांच्या किंचित खाली. हैदरअलीच्या बहादुरी होनाचे चार रुपये येत. त्याच्या एका बाजूस शिवपार्वती आणि दुसऱ्या बाजूस हैदरच्या नावाचे फारसी आद्याक्षर असे. मद्रासेस इंग्रज कंपनी जो होन पाडी त्याच्या पाठीवर तारा असे, म्हणून तो तारा-होन. अशा बाजारात सराफावाचून कोणाचे पान हलत नसे. तो कसोटीवर नाणे घाशी, तराजूत टाकी, आणि झीज व कस पाहून बट्टा कापून घेई. 'नावाला बट्टा लागणे' हा आपला वाक्प्रचार या बट्ट्याचाच. राजांनाही सराफाइतकीच सावधगिरी बाळगावी लागे. १७९२ साली टिपू सुलतानाने इंग्रज, निजाम आणि पेशवे यांना ३ कोटी ३० लाख रुपये देण्याचे मान्य केले, तेव्हा होन, मोहोरा किंवा रुपये पुऱ्या वजनाचे आणि कसाचे असावेत, नाहीतर सोन्याचांदीच्या लगडी द्याव्यात, असे तहातच लिहून घेण्यात आले.

१७९९ साली टिपू पडला आणि म्हैसूरच्या गादीवर पुन्हा वडेयर घराणे आले. ८ जुलै १७९९ च्या तहाने या राज्यावर तैनाती फौजेच्या खर्चापोटी खंडणी बसली ती दरसाल ७ लाख तारा-होनांची. पुढे १८१८ साली मद्रास इलाख्याने होन सोडून चांदीचा रुपया हे प्रमाण नाणे ठरवले आणि दर बांधून दिला: १०० तारा-होन बरोबर ३५० रुपये. सात लाखांना साडेतीनने गुणले की साडेचोवीस लाख होतात. म्हैसूरची खंडणी साडेचोवीस लाख रुपये, हा आकडा एवढ्या साध्या गुणाकारातून जन्मला आणि राजकीय कागदांत कायम होऊन बसला.

हा दर रास्त होता काय? तारा-होनात शुद्ध सोने सुमारे २.७ ग्रॅम आणि नव्या मद्रासी रुपयात शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. म्हणजे साडेतीन रुपयांत सोन्याच्या पावणेचौदापट चांदी येई. फ्रान्सच्या १८०३ च्या कायद्यात हेच प्रमाण साडेपंधरा होते. सरकारी दराने सोने स्वस्त आणि चांदी महाग ठरली होती. अशा वेळी शहाणा माणूस चांदी देतो आणि सोने पेटीत ठेवतो. १८३५ साली कंपनीने आपल्या साऱ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला, तेव्हा होनाचे उरलेसुरले स्थानही गेले.

खरी उलथापालथ १८७० नंतर झाली. जर्मनीसारख्या देशांनी चांदीचे नाणे सोडून सुवर्णनाणे पत्करले, अमेरिकेतील खाणींतून चांदीचा पूर आला, आणि चांदी घसरत गेली. भारत सरकारला विलायतेचे देणे पौंडांत भागवावे लागे, त्यामुळे त्याच्या पोटात गोळा आला. १८९३ साली टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद झाल्या आणि १८९९ साली १५ रुपयांचा एक सुवर्ण पौंड हा दर कायद्याने आला. आता याच दराने होनाकडे पाहा. त्यातील सोन्याचे साडेपाच रुपयांहून थोडे अधिक होतात आणि ७ लाख होनांचे जवळजवळ ३९ लाख. खंडणी सोन्याच्या होनांत राहिली असती तर म्हैसूरच्या खजिन्याला एवढे मोजावे लागले असते. जेत्याने आपल्या सोयीसाठी बांधलेला दर असा शेवटी मांडलिकाच्या पथ्यावर पडला.

मात्र हा लाभ निर्वेध राहिला नाही. १८३१ पासून इंग्रजांनी चालवलेला राज्यकारभार १८८१ साली वडेयरांना परत मिळाला, तेव्हाच्या करारात खंडणी ३५ लाखांवर नेली होती. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळातून राज्य नुकतेच उठत असल्यामुळे वाढ लांबणीवर पडली आणि १८९६ पासून अंमलात आली. गंमत अशी की, ३५ लाखांना साडेतीनने भागले तर बरोबर १० लाख येतात. त्याच काळात महादेवपुऱ्यावरून पूर्वेस गेले की लागणाऱ्या कोलारच्या खाणींतून सोने निघत होते. त्यावर म्हैसूर सरकारला मिळे ते शेकडा पाच स्वामित्वधन. बाकीचे सोने इंग्रज कंपन्यांचे, आणि खंडणी भरायची ती रयतेने दिलेल्या चांदीच्या रुपयांनी.

ही वाढ रद्द व्हावी म्हणून म्हैसूरच्या दिवाणांनी पुष्कळ वर्षे लिखापढी केली. ती १९२८ साली फळास आली आणि साडेदहा लाख कमी झाले. राहिले साडेचोवीस लाख, म्हणजे १७९९ चेच ७ लाख होन, दर होनास साडेतीन रुपये. तोवर मद्रासच्या टांकसाळीतून होन नाहीसा होऊन शंभर वर्षे लोटली होती.