पिकअप ऑफ-रोडसाठी बांधायची, तर कोणते मॉडेल घ्यावे?

कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडपासून अंधेरी-घाटकोपरपर्यंतच्या गॅरेजांत हल्ली एक वेगळे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. त्याला पिकअप मालासाठी नको, डोंगरदऱ्यांत न्यायला हवी. मोठे टायर, पुढे विंच, हौद्यावर कॅनॉपी, टपावर कॅरियर अशी त्याची यादी असते. गाडी घेण्याआधी तो आपल्या कारागिराला एकच प्रश्न विचारतो : बेस मॉडेल घेऊ की टॉप? उत्तर चुकले तर त्याचे लाखभर रुपये सहज वाया जातात आणि बोल मात्र कारागिराला लागतो. म्हणून हा हिशेब आम्ही येथे मांडत आहोत.

जे काढून टाकायचे आहे, त्याचे पैसे कंपनीला देऊ नयेत. अलॉय व्हील, क्रोमची जाळी, पायदान, भारी सीट कव्हर, मोठा स्टिरिओ हे सारे अशा गाडीतून पहिल्याच आठवड्यात उतरते आणि उतरलेल्या मालाला बाजारात निम्मी किंमतही येईल याची खात्री नसते. उलट जे नंतर बसवता येत नाही, ते कारखान्यातूनच घ्यावे. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचे डिफरन्शियल, एबीएस आणि एअरबॅग या त्या वस्तू होत.

बेस म्हणजे स्वस्त आणि म्हणून शहाणपणाचे, असे मात्र समजू नये. इसुझुने 2021 साली हाय-लँडर हे साधे मॉडेल आणले. साधी लोखंडी चाके, सजावट कमी, पाहताच मोह पडावा असे. पण ते फोर-बाय-टू होते, पुढच्या चाकांना ताकद नाही. त्याला नंतर फोर-बाय-फोर करू पाहणाऱ्याने वाचवलेल्या रकमेपेक्षा अधिक खर्चाची तयारी ठेवावी, शिवाय कागदपत्रांची अडचण वेगळीच. टोयोटाची हायलक्स जानेवारी 2022 मध्ये आली, तेव्हा तिच्या स्टँडर्ड मॉडेललाही फोर-बाय-फोर होते. तिची चाके 17 इंची आणि वरच्या मॉडेलची 18 इंची. येथे उलट लहान रिमच कामाची, कारण टायरची भिंत उंच राहते व दगडावर रिम वाचते. अशा ठिकाणी बेस मॉडेल डोळे झाकून घ्यावे.

वायरिंगकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. काही बेस मॉडेलांत फॉग लॅम्प किंवा कॅमेऱ्यासाठीची तार मुळात टाकलेलीच नसते. मग वायरमन मूळ तार कापून जोड देतो आणि वॉरंटीचा वाद उभा राहतो. गाडी बुक करण्यापूर्वीच वायरमनला शोरूममध्ये सोबत न्यावे, हे आमचे सांगणे.

वजनाचेही तसेच. आरसी बुकात गाडीचे रिकामे वजन आणि भारासह कमाल वजन असे दोन आकडे असतात. त्यांतील फरक हीच खरी पुंजी. लोखंडी बंपर, विंच, कॅनॉपी, जादा स्टेपनी आणि 60 लिटर पाणी, म्हणजे आणखी 60 किलो, हे सगळे त्यातूनच वजा होते आणि पाच माणसे अजून बसायचीच असतात.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीच्या मूळ वैशिष्ट्यात बदल करू देत नाही आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे 5000 रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. चार बदल म्हणजे 20,000. पुढचे बुल बार तर केंद्र सरकारच्या डिसेंबर 2017 च्या पत्रापासूनच बेकायदा धरले जातात. व्यापारी बंधूंनीही सावध असावे : सरकारने सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा म्हणून जाहीर केलेला सुटा भाग नियमात न बसणारा विकला, तर दर नगामागे एक लाखापर्यंत दंड व एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

यातून मॉडेल निवडीचा आणखी एक मुद्दा निघतो. मालवाहू म्हणून नोंदलेली पिकअप स्वस्त पडते खरी, पण तिला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस लागते. इन्स्पेक्टर आरसीशी गाडी ताडून पाहतो आणि केलेले काम तेथेच उघडे पडते. म्हणून छंदाची गाडी खाजगी नोंदणीत मिळणाऱ्या मॉडेलवरच बांधलेली बरी. मात्र खाजगी नोंदणी म्हणजे कायद्यातून सूट नव्हे. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअरही आरसीच पाहतो.

कारागिराने काम कसे घ्यावे? टायरचा आकार कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या गाडीला दिलेला असेल तेवढाच ठेवावा. चासीला वेल्डिंग वा कटिंग करू नये. बोल्टने बसणारे व उतरणारे सामान पत्करावे, आणि कॅनॉपीसारख्या कामाबाबत गिऱ्हाइकाने अंधेरी, बोरिवली वा वडाळा, ज्या आरटीओत गाडी असेल तेथे आधी लेखी विचारावे. काढलेले मूळ भाग यादीसह परत द्यावेत, बिलावर काम स्पष्ट लिहावे. याहून मोठे काम हवे असेल, तर ती गाडी फक्त स्पर्धेच्या मैदानासाठी आहे, रस्त्यावर चालणार नाही आणि तेथपर्यंत रिकव्हरी गाडीवर चढवून नेली जाईल, असे गिऱ्हाइकाकडून आधी लिहून घ्यावे. तो कबूल नसेल तर ॲडव्हान्स स्वीकारू नये.