चुंबकाला पितळ ऐकू येत नाही

क्षयाने गाठलेले गायक कुमार गंधर्व 1948 मध्ये हवापालटासाठी माळव्यातल्या देवासला आले आणि तिथलेच झाले. त्यांच्या तंबोऱ्यांची सुरावट जाणकार आजही आठवतात. अशा एखाद्या मिरजेच्या तंबोऱ्याला गिटारचा चुंबकीय पिकअप लावला तर? जोडाच्या पोलादी तारा स्पीकरमधून खणखणीत येतील, खर्ज मात्र जवळजवळ गायब. ती तार पितळेची!

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार चुंबकाच्या सान्निध्यात स्वतःही चुंबकित होते. ती थरथरली की वेढ्यांतले चुंबकीय क्षेत्र बदलते आणि त्यांत वीज उमटते. फॅरडेने 1831 मध्ये दाखवलेला हाच तो नियम. पितळ चुंबकाला दादच देत नाही.

अकूस्टिक गिटारवर हा घोळ अर्धामुर्धा होतो. जाड चार तारांवर ब्राँझचे वेष्टन असते. चुंबकाला कळतो तो फक्त आतला पोलादी गाभा. वरच्या दोन तारा मात्र निखळ पोलादी, त्यामुळे दुसरी तार उगाच ओरडते. पिकअपला तारागणिक स्क्रू असतील तर तिच्याखालचा खाली उतरवायचा. नायलॉनच्या तारा असतील तर पैसे वाचवा.

बसवणे सोपे. तारा सैल करून पिकअप गिटारच्या गोल भोकात सरकवायचा आणि त्याच्या पकडी कडेला आवळायच्या, पण बेताने. तबली जेमतेम तीन मिलिमीटर जाड असते. पट्ट्याच्या खुंटीजागी जॅकसाठी सुमारे 12 मिलिमीटरचे भोक पाडतात. माझे मत विचाराल तर आधी काही दिवस वायर लोंबकळू द्या. आवाज पसंत पडला नाही तर पिकअप काढता येतो, भोक बुजवता येत नाही.

पसंत न पडण्याचे कारणही आहे. हा पिकअप मुख्यतः तारेची हालचाल टिपतो, लाकडाचा घुमारा नव्हे. म्हणूनच मोठ्या आवाजात तो मायक्रोफोनपेक्षा कमी शिट्ट्या मारतो, आणि म्हणूनच गिटार थोडी इलेक्ट्रिक वाटते. एकाच वेटोळ्याचा असेल तर घरातल्या विजेची 50 हर्ट्झची घरघरही पकडतो. त्यावर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने 1955 मध्ये उलटसुलट दोन वेटोळ्यांचा तोडगा काढला.

तंबोऱ्याला घोडीजवळ चिकटवायचा पिझो पिकअप बरा. तो दाबाची कंपने टिपतो. तार पितळेची की पोलादी, त्याला फरक पडत नाही. माळव्यातल्या कबीरभजनी मंडळींच्या तंबुऱ्याला काय चालेल, हे ठरवायला दुकानात जायला नको. प्रत्येक तारेला छोटा चुंबक लावून पाहावा.