नातवंडांच्या हाती खंजिरी द्या

दिवाळी उरकली की झाडीपट्टीतल्या गावांतून मंडई भरू लागते. हलक्या धानाची कापणी झालेली असते, हाताला थोडी उसंत मिळते आणि दंडार, नाटके रात्र-रात्र रंगतात. गोंदिया शहराला लागून असलेल्या मुर्रीसारख्या गावात ज्यांचे बालपण गेले, त्या आजी-आजोबांना हे सांगायला नको. आपल्यापैकी पुष्कळांनी गाण्यासाठी कोणत्याही वर्गात नाव घातले नव्हते. भजनाच्या सतरंजीच्या कडेला बसता बसता ठेका हातात उतरला आणि शब्द कंठात राहिले.

ती सतरंजी आज अनेक घरांत घडी होऊन माळ्यावर पडली आहे. सायंकाळी आजोबा एका खोलीत एकटे असतात आणि नातू दुसऱ्या खोलीत मोबाइलमध्ये गढलेला असतो, किंवा पानठेल्यावर मित्रांच्या घोळक्यात उभा असतो. विदर्भात या पानठेल्याची मोठी चिंता आहे, कारण तेथेच खर्रा मिळतो. सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे हे घोटलेले मिश्रण शाळकरी वयातच हाती पडू शकते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, परंतु जिभेची सवय केवळ कायद्याने सुटत नाही.

तंबाखूचे दुष्परिणाम आपण जाणतोच. सुपारी मात्र निरुपद्रवी आहे, असा समज अजून घरोघरी आढळतो. तो चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीचा समावेश कर्करोगास निश्चितपणे कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांत केला आहे. सतत सुपारी चघळल्याने तोंडाचे आतले अस्तर कडक होते, तिखट लागताच आग होते आणि तोंड उघडणे हळूहळू कमी होत जाते. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात मावेनाशी झाली, तर दंतवैद्याकडे जाण्यास विलंब करू नये. गाणाऱ्याला तोंड मोकळे उघडावे लागते आणि खर्रा नेमके तेच बंद करतो. ही गोष्ट मुलाला भाषण देऊन पटवण्यापेक्षा गाता गाता लवकर पटते.

गाण्यातून गाव सुधारण्याची वाट आपल्या विदर्भाला नवी नाही. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ मध्ये जन्मलेल्या माणिक इंगळे या मुलाने खंजिरी हाती घेतली आणि तो पुढे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज म्हणून ओळखला गेला. १९३५ मध्ये त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापिला. व्यसनमुक्ती, स्वच्छता, अस्पृश्यतानिवारण, स्त्रियांची उन्नती हे विषय त्यांनी खेडोपाडी भजनातून पोचवले. त्यांच्या शब्दांची धार सरकारलाही जाणवली. १९४२ च्या आंदोलनात त्यांना तुरुंगवास भोगावा लागला. त्यांच्या ‘ग्रामगीते’च्या ४१ अध्यायांत ग्राम-आरोग्यालाही स्वतंत्र अध्याय आहे. गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांच्या सामुदायिक प्रार्थनेत लहानथोर एकत्र बसतात. जात विचारून जागा दिली जात नाही, हाच तेथील पहिला धडा होय. अकोला जिल्ह्यातील सत्यपाल महाराज सात खंजिऱ्या वाजवत व्यसन आणि अंधश्रद्धेविरुद्ध प्रबोधन करतात, तीही याच परंपरेची पुढची कडी.

संगीत सर्वांना शिकता यावे, हा आग्रह अशाच धडपडीतून पुढे आला. कुरुंदवाडचे पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांची दृष्टी बालपणी फटाक्याच्या अपघाताने अधू झाली होती. प्रतिष्ठित कुटुंबे मुलांना गाणे शिकवण्यास कचरत, त्या काळात, १९०१ मध्ये त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय उघडले आणि संगीताला शाळेची शिस्त दिली. दूर व्हेनेझुएलात होजे अंतोनियो आब्रेऊ यांनी १९७५ मध्ये मुलांचे वाद्यवृंद उभारण्यास आरंभ केला. गरीब वस्तीतल्या मुलाने रोज इतरांसोबत वाजवावे, म्हणजे तो शिस्त आणि सहकार्य शिकेल, ही त्यामागची धारणा होती.

भजनाच्या फळीतही हेच घडते. मुख्य गायकाचे ऐकून घ्यावे लागते, आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते आणि समेवर सर्वांनी एकत्र यावे लागते. आज झील धरणाऱ्या मुलीला उद्या पुढे बसवले, तर घरातही तिचा आवाज ऐकला जाऊ लागतो. केवळ गाण्याने व्यसन सुटते, असे कोणी म्हणू नये. तथापि मुलाची सायंकाळ भरलेली राहते, त्याला चार चांगले सोबती मिळतात आणि एका वडीलधाऱ्याची नजर त्याच्यावर असते. पानठेल्याकडे वळणारे पाऊल अडवण्यास याची मोठी मदत होते.

हा वडीलधारा आपण का होऊ नये? सुरुवात लहान ठेवावी. आठवड्यातून दोन सायंकाळी, अर्धा तास, घरातली दोन व शेजारची दोन मुले पुरेत. प्रथम टाळीवर ठेका, मग खंजिरी, नंतर शब्द. गुडघे दुखत असल्यास खाली बसण्याचा हट्ट न धरता खुर्चीवर बसावे. मनगटात सांधेदुखी असेल, तर खंजिरी मुलाच्या हाती देऊन आपण टाळीने ताल धरावा. गाताना श्वास सावकाश व दीर्घ सोडला जातो, हा फुप्फुसांना सौम्य व्यायामच होय. मात्र दम्याच्या वा हृदयाच्या रुग्णांनी धाप लागताच किंवा चक्कर येताच थांबावे आणि आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मध्ये कोमट पाण्याचे घोट घ्यावेत. बंद खोलीत झांजांचा आवाज कानांना त्रास देतो, म्हणून अंगणात किंवा ओसरीवर बसणे उत्तम. ध्वनिवर्धक नकोच.

काळजी घेणाऱ्या सुना-मुलांना आणि लेकींना एक विनंती. घरातील ज्येष्ठांना विस्मरणाचा आजार असला, तरी त्यांना या बैठकीतून वगळू नका. सकाळचे जेवण वा समोरच्याचे नाव आठवत नसतानाही तरुणपणीचे गाणे कित्येकांना आठवते. शब्द चुकले तर दुरुस्त करत बसू नका, मुलांनाही तसे सांगून ठेवा. त्या दिवशी मन अस्वस्थ असेल, तर आग्रहही नको.

आपल्या कंठातील भजने कदाचित कोणत्याही वहीत उतरलेली नसतील. आपल्यासोबत ती जाऊ द्यायची, की नातवंडांच्या हाती ठेवायची, हे आपणच ठरवायचे आहे. आज सायंकाळी दिवेलागणीला माळ्यावरची सतरंजी खाली काढायला नातवालाच सांगा.