रूढी, संशोधन आणि कायदा : दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण

कायदा विधिमंडळात संमत होतो. परंतु त्याची जडणघडण पुष्कळदा त्यापूर्वीच्या अभ्यासातून झालेली असते. दक्षिण आफ्रिकेतील रूढीप्राप्त विवाहांचा कायदा हे याचे बोलके उदाहरण होय.

तेथील कृष्णवर्णीय समाजात वरपक्षाने वधूच्या कुटुंबास गुरे अथवा रोख रक्कम देण्याची 'लोबोला' नावाची प्रथा आहे. या रूढीनुसार होणाऱ्या विवाहांस गोऱ्या राजवटीने पूर्ण कायदेशीर दर्जा दिला नाही. उलट, १९२७ च्या एका कायद्यान्वये अशी विवाहित स्त्री बहुतांश प्रदेशात पतीच्या पालकत्वाखालील अज्ञान व्यक्ती समजली जाई.

१९९४ मध्ये लोकशाही आल्यावर तेथील विधी आयोगाने या प्रश्नाचा अभ्यास केला. रूढी, न्यायनिवाडे व राज्यघटनेतील समतेचे तत्त्व ताडून पाहण्यात आले. चर्चापत्रिका प्रसिद्ध करून लोकांची मते मागविण्यात आली. ऑगस्ट १९९८ मध्ये आयोगाने आपला अहवाल दिला. त्याच वर्षी संसदेने कायदा संमत केला आणि १५ नोव्हेंबर २००० पासून तो अमलात आला.

या कायद्याने पत्नीस पतीच्या बरोबरीचा दर्जा लाभला. वधूवरांचे वय अठराहून अधिक असणे व दोघांची संमती असणे आवश्यक ठरले. विवाहनोंदणी हे कर्तव्य ठरले. तथापि केवळ नोंदणीअभावी विवाह अवैध ठरत नाही. घटस्फोट न्यायालयामार्फतच मिळू शकतो. नव्या एकपत्नी विवाहांत, वेगळा करार नसल्यास, मालमत्ता पतिपत्नींची समाईक मानली जाते. गोमंतकीय वाचकांस ही कल्पना परिचित आहे.

वारसाहक्कातील सुधारणा मात्र रेंगाळली. ज्येष्ठ पुरुष नातेवाइकासच वारस मानणाऱ्या रूढीमुळे खायेलित्शा येथील दोन अल्पवयीन मुलींना पित्याच्या मालमत्तेतील वाटा नाकारला गेला. प्रकरण घटना न्यायालयापुढे आले. ऑक्टोबर २००४ मध्ये न्यायालयाने ही रूढी घटनाबाह्य ठरवून त्या मुलींचा हक्क मान्य केला. विधी आयोगाचा या विषयावरील अहवालही त्याच वर्षी आला. संसदेचा कायदा २००९ साली झाला.

संशोधन वाट दाखविते. परंतु तिच्यावरून चालण्यास विधिमंडळाची इच्छा लागते. विलंब झाल्यास त्याची झळ प्रथम दुर्बलांस पोहोचते, हेच या प्रकरणावरून दिसून येते.